विश्लेषण : रेडिअमने भाजलेला हात आणि आजचे किरणोपचार… पिएर क्युरी यांनी स्वतःच्या त्वचेवर काय पाहिले?

कर्करोगावर किरणोपचार घेताना त्वचा लाल होणे, काळवंडणे, सोलवटणे हा बहुतेक रुग्णांना येणारा अनुभव. पहिले आठ-दहा दिवस काहीच जाणवत नाही आणि मग त्वचा बिघडू लागते. कित्येकांना तर शेवटचा ‘लाइट’ घेऊन घरी आल्यावर जास्त त्रास होतो, तेव्हा उपचारात काही चुकले की काय, अशी शंका येते. चुकलेले काही नसते. किरणांची इजा अशीच उशिरा दिसते. तिची अगदी सुरुवातीच्या काळातली, दिवसावार नोंद पिएर क्युरी यांनी १९०१ साली स्वतःचा हात भाजून घेऊन केली होती. मेरी क्युरी यांचे पती एवढीच ओळख अनेकदा वाट्याला येणाऱ्या या शास्त्रज्ञाचे आयुष्य आणि त्या जखमेची गोष्ट आजच्या रुग्णांशीही संबंधित आहे.

कोण होते पिएर क्युरी?

पिएर यांचा जन्म पॅरिसचा, १५ मे १८५९ चा. वडील युजीन क्युरी डॉक्टर होते. मुलगा एका विषयात बुडाला की बाकी सगळे विसरतो, ठरावीक तासांच्या शाळेत तो रमणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि त्याला घरीच शिकवले. हा निर्णय फळला. वयाच्या सोळाव्या वर्षी पिएर विद्यापीठाच्या पहिल्या पायरीवर होते. १८८० मध्ये, वय एकविसाच्या आसपास असताना, थोरले भाऊ जाक यांच्यासह त्यांनी एक महत्त्वाचा शोध लावला. क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की त्यावर विद्युतभार निर्माण होतो. हाच पिझोइलेक्ट्रिक परिणाम. आजच्या क्वार्ट्झ घड्याळांपासून सोनोग्राफीच्या प्रोबपर्यंत अनेक उपकरणे त्यावर चालतात.

१८८२ पासून पॅरिसच्या औद्योगिक भौतिकी व रसायनशास्त्राच्या नगरपालिकेच्या शाळेत ते प्रयोगशाळाप्रमुख होते. पगार बेताचा, जागा अपुरी, स्वतःच्या संशोधनासाठी वेगळी खोलीही नाही. तरी तिथेच त्यांनी चुंबकत्वावर मूलभूत काम केले. विशिष्ट तापमानानंतर लोहचुंबक आपले चुंबकत्व गमावतो, त्या तापमानाला आजही ‘क्युरी तापमान’ म्हणतात. मानसन्मानांची त्यांना ओढ नव्हती. पुढे फ्रान्सचा ‘लिजन ऑफ ऑनर’ हा किताबही त्यांनी नाकारला.

१८९४ मध्ये पोलंडहून शिकायला आलेल्या मारिया स्क्वोदोव्स्का यांच्याशी त्यांची भेट झाली. पुढच्या वर्षी २६ जुलैला दोघांनी साधेपणाने लग्न केले. आहेराच्या पैशांतून दोन सायकली घेतल्या आणि त्यांवरून फ्रान्सच्या गावांतून भटकंती केली.

रेडिअम कसे सापडले?

त्यांच्या लग्नाच्याच वर्षी, नोव्हेंबर १८९५ मध्ये, जर्मनीत विल्हेल्म रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले. १८९६ मध्ये आंरी बेक्वेरेल यांनी युरेनियममधून आपोआप किरण बाहेर पडतात हे दाखवले. मेरी यांनी डॉक्टरेटसाठी हाच विषय घेतला. हे अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह मोजायला त्यांनी जे उपकरण वापरले, ते पिएर आणि जाक यांच्या क्वार्ट्झच्या शोधावर आधारलेले होते. पिचब्लेंड या खनिजातून युरेनियमच्या प्रमाणाबाहेर किरण येतात हे दिसल्यावर पिएर यांनी स्फटिकांचे आपले काम बाजूला ठेवले आणि ते पत्नीच्या कामात उतरले. जुलै १८९८ मध्ये पोलोनियम आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिअम, अशी दोन नवी मूलद्रव्ये त्यांनी जाहीर केली.

त्यानंतरची चार वर्षे एका गळक्या शेडमध्ये गेली. पिचब्लेंडचा टनावारी चोथा उकळून, गाळून, पुन्हा पुन्हा स्फटिक करून १९०२ मध्ये मेरी यांच्या हाती शुद्ध रेडिअम क्लोराइड आले, ते एक दशांश ग्रॅम. रात्री अंधारात त्या नळ्या मंद उजेड देत. दोघे त्या हातात घेत. हातमोजे, चिमटे, शिशाचा आडोसा यांपैकी कशाचीच पद्धत तेव्हा पडलेली नव्हती.

हातावर रेडिअम का बांधले?

क्ष-किरणांनी हात भाजतात, केस गळतात हे १८९६ पासूनच कानावर येऊ लागले होते. १९०० मध्ये जर्मनीत फ्रीडरिश वाल्कहोफ आणि फ्रीडरिश गीझेल यांनी रेडिअमही त्वचेवर तसाच परिणाम करते, असे कळवले. गीझेल यांनी ते स्वतःच्या हातावर दोन तास ठेवून पाहिले होते. पिएर यांना ही माहिती पडताळून पाहायची होती. त्यासाठी दुसऱ्या कोणाचा हात मागणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

त्यांनी तुलनेने कमी तीव्रतेचे रेडिअम हातावर दहा तास बांधून ठेवले. काढल्यावर सुमारे सहा चौरस सेंटिमीटर भाग लाल दिसला. भाजल्यासारखा, पण जवळजवळ न दुखणारा. तिथेच थांबले असते तर ही किरकोळ गोष्ट ठरली असती. परंतु दिवस गेले तशी लाली कमी होण्याऐवजी गडद झाली. विसाव्या दिवशी खपल्या धरल्या, मग उघडी जखम झाली आणि मलमपट्टी करावी लागली. बेचाळिसाव्या दिवशी कडेकडेने नवी कातडी मध्याकडे सरकू लागली. बावन्नाव्या दिवशीही एक चौरस सेंटिमीटरची जखम शिल्लक होती आणि तिचा राखाडी रंग इजा खोलवर गेल्याचे सांगत होता. दहा तासांच्या संपर्काचा हिशेब सात आठवड्यांनीही पुरा झाला नव्हता.

याच सुमारास बेक्वेरेल यांना तोच धडा नको असताना मिळाला. एप्रिल १९०१ मध्ये रेडिअमची एक छोटी नळी त्यांनी जाकिटाच्या खिशात ठेवली. सगळे मिळून जेमतेम सहा तास. नंतर काही दिवसांनी खिशाखालच्या त्वचेवर त्याच आकाराचा लाल डाग उमटला, त्याची जखम झाली आणि ती भरायला साधारण सात आठवडे लागले. तीच नळी शिशाच्या आवरणात घालून नेली, तेव्हा काही झाले नाही. मेरी यांनी धातूच्या पातळ डबीत ठेवलेली नळी अर्ध्या तासाहून कमी वेळ जवळ बाळगली. पंधरा दिवसांनी त्या जागी लाल ठिपका आणि फोड आला. जून १९०१ मध्ये बेक्वेरेल आणि पिएर यांनी आपली निरीक्षणे फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे संयुक्तपणे मांडली. त्या छोट्या टिपणात तक्रारीचा सूर नाही. कोणता पदार्थ, किती तास, कितव्या दिवशी काय दिसले, एवढेच.

जखम इतक्या उशिरा का होते?

पिएर यांच्या नोंदीत दिसणाऱ्या या विलंबाचे कारण त्वचेच्या रचनेत आहे. आपल्याला दिसते ती वरची त्वचा म्हणजे बहुतांशी मृत पेशींचा थर. तो रोज झिजतो आणि त्याची भरपाई खालच्या तळथरातल्या पेशी विभागून करत असतात. तळात जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडेपर्यंत साधारण चार आठवडे जातात. किरण मारतात ते या विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएला. वरचा थर तसाच राहतो म्हणून पहिल्या दिवशी जखम दिसत नाही. वरचा थर झिजत जातो, खालून भरपाई येत नाही, आणि मग दोन-तीन आठवड्यांनी त्वचा पातळ होऊन सोलते किंवा ओलसर होऊन उघडी पडते. सुरुवातीची लाली ही रक्तवाहिन्या रुंदावल्याची असते. घरातले धान्य संपत आले तरी डब्यात आहे तोवर चूल पेटतेच, तसा हा प्रकार. विस्तवाने भाजल्याची जखम आणि ही जखम दिसायला सारखी असली, तरी घडण्याची रीत वेगळी आहे.

जखमेतून उपचार कसा निघाला?

आपला हात जळलेला पाहून बहुतेकांनी ती वस्तू दूर ठेवली असती. पिएर यांनी उलट विचार केला. जे निरोगी पेशी मारते, ते रोगट पेशीही मारेल. त्यांनी पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञ आंरी दान्लो यांना रेडिअम उसने दिले. दान्लो यांनी १९०१ मध्ये ते त्वचेच्या क्षयावर वापरून पाहिले. पुढे त्वचेच्या गाठी, कर्करोग यांवरही प्रयोग सुरू झाले. फ्रान्समध्ये या उपचाराला ‘क्युरीथेरपी’ हेच नाव पडले. रेडिअम वेगळे करण्याच्या पद्धतीचे पेटंट या दाम्पत्याने घेतले नाही, त्यामुळे इतरांना ते बनवण्याचा मार्ग मोकळा राहिला. त्या वेळी रेडिअमला सोन्याहून कितीतरी जास्त भाव होता, हे लक्षात घेतले की या निर्णयाचे वजन कळते.

मात्र पिएर यांना धोक्याची जाणीव नव्हती, असे म्हणता येणार नाही. १९०४ मध्ये बुशार आणि बाल्ताझार या दोन वैद्यक संशोधकांबरोबर त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. रेडिअममधून निघणारा वायू (आजच्या भाषेत रेडॉन) श्वासावाटे घेतल्यावर उंदीर आणि गिनिपिग मरतात, हे त्यांनी नोंदवले. १९०३ चे नोबेल पारितोषिक क्युरी दाम्पत्य आणि बेक्वेरेल यांना विभागून मिळाले होते. प्रकृतीमुळे आणि कामामुळे पिएर व मेरी स्टॉकहोमला पोहोचले ते थेट जून १९०५ मध्ये. तिथल्या व्याख्यानात पिएर यांनी खिशातल्या नळीमुळे पंधरा दिवसांनी उमटणाऱ्या डागाचे आणि सहजी न भरणाऱ्या जखमेचे वर्णन केले, जास्त काळ संपर्क राहिला तर जीवावर बेतू शकते असे सांगितले आणि रेडिअम शिशाच्या जाड पेटीतूनच न्यावे, असेही बजावले.

स्वतःच्या हातांकडे मात्र दुर्लक्ष का?

ही या आयुष्यातली न सुटणारी गाठ आहे. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते व्याख्यानाला गेले, तेव्हा बोटे इतकी दुखरी झाली होती की कपडे चढवणेही अवघड जात होते. त्याच महिन्यात मेरी यांना डॉक्टरेट मिळाली. त्या संध्याकाळच्या मेजवानीनंतर पिएर यांनी बागेत रेडिअमची चमकणारी नळी काढून दाखवली. पाहुण्यांत अर्नेस्ट रदरफोर्ड होते. त्या उजेडात त्यांना पिएर यांचे सुजलेले, सोललेले हात दिसले. दोघांच्याही बोटांची टोके कडक होत, दुखत, कातडी निघून जाई, आणि कातडी आल्यावरही दुखणे महिनोन्महिने राही. पिएर यांना पाय आणि पाठीच्या वेदनांचे झटके येत. त्याला संधिवात म्हटले गेले.

एखाद्या जागेची एकदाच झालेली जखम भरते, हे त्यांनी पाहिले होते. रोज थोडे थोडे लागत गेले तर काय, याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. अमेरिकेत थॉमस एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली क्ष-किरण नळ्यांची चाचणी स्वतःच्या हातांवर घेत. त्यांचे दोन्ही हात कापावे लागले आणि ऑक्टोबर १९०४ मध्ये ते मरण पावले. एडिसन यांनी ते काम सोडून दिले.

पिएर यांचा मृत्यू मात्र रेडिअमने झाला नाही. १९ एप्रिल १९०६ रोजी, भर पावसात, पॅरिसच्या दोफिन रस्त्यावर ते घोड्यांच्या मालगाडीखाली सापडले आणि जागीच गेले. वय अवघे ४६. मेरी १९३४ मध्ये अप्लास्टिक अ‍ॅनिमियाने, म्हणजे अस्थिमज्जा निकामी झाल्याने, गेल्या. १९९५ मध्ये दोघांचे अवशेष पॅरिसच्या पँथेऑनमध्ये हलवण्यात आले.

पिएर यांच्यानंतर कोणता बदल झाला?

त्यांच्या नावाच्या रस्त्यावर पॅरिसमध्ये रेडिअम इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे क्लॉडियस रेगो यांनी मेंढ्यांवर एक प्रयोग केला. मेंढ्याचे वृषण निर्बीज करायचे, पण वरची त्वचा वाचवायची. एकाच दिवशी मोठा डोस दिला की त्वचा जळे. तोच डोस अनेक दिवसांत वाटून दिला की काम होई आणि त्वचाही तगे. कारण दोन डोसांच्या मधल्या वेळात निरोगी पेशी स्वतःची बरीच दुरुस्ती करून घेतात. १९२० च्या दशकात आंरी कुतार यांनी हीच रीत घशाच्या कर्करोगावर आणली. आज रुग्णाला आठवड्यातून पाच दिवस, तीन ते सात आठवडे रुग्णालयात जावे लागते, त्याचे मूळ इथे आहे. पुढे कोबाल्ट यंत्रे आणि लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर आले. त्यांचे किरण जास्त ऊर्जेचे असल्याने सर्वाधिक मात्रा त्वचेवर न पडता तिच्या खाली काही मिलिमीटर ते सेंटिमीटरवर पडते. पिएर यांच्या हातावरच्या रेडिअमचे उलटे होते, त्याचा मुख्य मार पृष्ठभागावर होता.

मग आजही त्वचेला त्रास का होतो?

स्तन, डोके-मान, जांघ अशा ठिकाणी गाठ त्वचेजवळ असते किंवा त्वचेला घड्या असतात. तिथे मात्रा पूर्ण टाळता येत नाही. डॉक्टर याला ‘रेडिएशन डर्माटायटिस’ म्हणतात. पुस्तकांत पहिले लक्षण लाली असे लिहिलेले असते, परंतु सावळ्या त्वचेवर लाली सहसा उठून दिसत नाही. त्वचा काळवंडते, गरम लागते, खाजते. म्हणून केवळ लालीची वाट पाहत बसू नये. पुढची पायरी कोरडे सोलणे, त्याच्या पुढची ओलसर सोलणे. खोल व्रण आज विरळा. त्रास बहुधा उपचार संपल्यानंतर एक-दोन आठवड्यांत शिगेला पोहोचतो आणि साधारण महिनाभरात त्वचा सावरते.

काळजी काय घ्यावी?

पूर्वी त्या भागाला पाणीही लावू नका, असे सांगत. आता तसे नाही. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवावे, न घासता टिपून कोरडे करावे. आखणीसाठी काढलेल्या शाईच्या खुणा मात्र पुसू देऊ नयेत. कपडे सैल, सुती. स्तनाच्या उपचारात तारेची किंवा घट्ट ब्रा नको, गळ्याच्या उपचारात कडक कॉलर नको. दाढी करायचीच तर विजेच्या रेझरने. सुगंध नसलेले मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा चालते, फक्त उपचाराच्या तोंडावर जाड थर नको. त्वचा अखंड असेल तर डिओडरंटवर सरसकट बंदीची गरज नाही, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. मोमेटासोनसारखे स्टेरॉइड मलम सुरुवातीपासून लावल्यास दाह कमी होतो, याला चांगला आधार आहे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच आणि सांगितले तितकेच दिवस लावायचे. स्तनाच्या उपचारात त्वचेला चिकटणारी सिलिकॉनची पातळ पट्टीही उपयोगी ठरली आहे. कोरफडीचे नाव घरोघरी घेतले जाते, पण चाचण्यांत तिचा ठाम फायदा दिसलेला नाही.

आपल्याकडे नातेवाईक मायेपोटी हळद, लिंबू, डोकेदुखीचा बाम, गरम पाण्याची पिशवी, कधी बर्फ घेऊन येतात. यांतले काहीही त्या जागी लावू नये. तळथर आधीच रिकामा झालेला असताना बाहेरचा प्रत्येक चटका आणि घासणे महागात पडते. खपली किंवा सुटलेली कातडी ओढू नये. तंबाखू आणि धूम्रपान सोडणे हे कोणत्याही मलमाइतकेच महत्त्वाचे, कारण त्याने त्वचेचा रक्तपुरवठा आणखी घटतो. त्वचा ओलसर झाली, पू, वास किंवा ताप आला, दुखणे झोपू देईना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता विभागात दाखवावे. न चिकटणारी ड्रेसिंग, गरजेप्रमाणे सिल्व्हर सल्फाडायझिन, जंतुसंसर्ग असल्यास प्रतिजैविके असे उपाय तिथे आहेत. दुखते म्हणून स्वतःहून उपचाराला दांड्या मारणे मात्र धोक्याचे. मधल्या दिवसांत कर्करोगाच्या पेशीही सावरतात.

उपचार संपले तरी त्या भागाला उन्हापासून पुढे कायम जपावे लागते. काहींच्या त्वचेवर महिन्या-वर्षांनी बारीक लाल शिरा दिसू लागतात, ती घट्ट होते, केस पुन्हा येत नाहीत. एखादे वेळी बऱ्याच काळानंतर केमोथेरपीचे एखादे औषध सुरू केले की जुन्या किरणांच्या जागी त्वचा नव्याने लाल होते. म्हणून पूर्वी कोणत्या भागावर, कधी किरणोपचार झाले होते हे नव्या डॉक्टरांना न विसरता सांगावे. त्याची कागदपत्रे जपून ठेवावीत.